एक चित्र, चाळीस पडदे

२३ ऑगस्ट २०२३ या दिवशी सायंकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ चे ‘विक्रम’ चंद्रावर उतरले. इस्रोचे थेट प्रक्षेपण त्या वेळी यूट्यूबवर एकाच क्षणी ८० लाखांहून अधिक ठिकाणी पाहिले जात होते. विद्यार्थी मित्रांनो, चित्र एकच होते. मग ते किती वेळा पाठवावे लागले असेल?

आकाशवाणीच्या केंद्राला हा प्रश्न पडत नाही. केंद्रावरून निघालेल्या रेडिओ लहरी दहा संचांनी पकडल्या काय, दहा हजार संचांनी पकडल्या काय, प्रक्षेपकाला लागणारी वीज तेवढीच असते. इंटरनेटचे मात्र तसे नाही. तेथे साधारणपणे प्रत्येक प्रेक्षकासाठी चित्राची वेगळी प्रत पाठवावी लागते. प्रेक्षक वाढले की भारही वाढतो.

सूक्ष्मदर्शक एक, डोळे ऐंशी

समजा, नागपूरच्या मनीषनगरमधील एका शाळेत चांगला सूक्ष्मदर्शक एकच आहे आणि वर्गात विद्यार्थी आहेत चाळीस. कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी पाहायच्या तर रांग लावावी लागेल. प्रत्येकाला एक मिनिट दिले, तरी चाळीस मिनिटे, म्हणजे अख्खा तासच संपला! शेवटच्या मुलाची पाळी येईपर्यंत काचपट्टीवरचा थेंबही सुकून जायचा.

यावर एक उपाय आहे. सूक्ष्मदर्शकाला लहानसा कॅमेरा जोडावा, त्याचे चित्र एका संगणकाला द्यावे आणि त्या संगणकाने ते संगणक-कक्षातील चाळीस पडद्यांवर पाठवावे. चित्र पाठविणाऱ्या या संगणकाला मीडिया सर्व्हर म्हणतात.

आता थोडे गणित करू. स्वच्छ, हलत्या चित्रासाठी सेकंदाला सुमारे ४ मेगाबिट माहिती लागते असे धरू. चाळीस जणांना चाळीस प्रती पाठवायच्या, तर ४ × ४० = १६० मेगाबिट. शाळेतील संगणक जुना असेल आणि त्याच्या तारेतून सेकंदाला फार तर १०० मेगाबिट जात असतील, तर चित्र अडखळणार हे उघड आहे. मग करायचे काय?

फाट्यावर प्रत काढा

सीताबर्डीहून मनीषनगरातील चाळीस घरी एकच पत्रक पोचवायचे आहे असे समजा. एक रीत अशी, की चाळीस माणसे चाळीस प्रती घेऊन वर्धा रोडने निघतील. मनीषनगरला जाण्यासाठी रेल्वेमार्ग ओलांडावा लागतो. पूल होण्यापूर्वी तेथे फाटक पडले की वाहनांची रांग लागत असे. त्या रांगेत या चाळीस जणांची भर!

दुसरी रीत पाहा. एकच माणूस एकच पत्रक घेऊन निघतो. जेथे रस्त्याला फाटा फुटतो तेथे तो एक झेरॉक्स काढतो. ज्या गल्लीत कोणी पत्रक मागितलेले नाही, त्या गल्लीत प्रत जातच नाही. आता कोणत्याही रस्त्यावरून एकाहून अधिक प्रती जात नाहीत.

संगणकांच्या जाळ्यातील या दुसऱ्या रीतीला मल्टिकास्ट म्हणतात. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीव्ह डीअरिंग यांनी ती विकसित केली आणि १९८९ मध्ये तिचे नियम निश्चित झाले. मार्च १९९२ मध्ये सॅन डिएगो येथील एका तांत्रिक बैठकीतील भाषणे या रीतीने तीन खंडांतील २० ठिकाणी ऐकविण्यात आली.

हे घडते कसे?

जाळ्यातील प्रत्येक संगणकाला आकड्यांचा पत्ता असतो. त्यांपैकी २२४ ते २३९ या आकड्यांनी सुरू होणारे पत्ते कोणा एका संगणकाचे नसून गटाचे असतात. संस्थेच्या आतल्या वापरासाठी २३९ ने सुरू होणारा पत्ता निवडावा; उदाहरणार्थ, २३९.१.१.१.

सर्व्हर चित्राचे बारीक तुकडे करतो. प्रत्येक तुकडा १८८ बाइटांचा असतो. असे सात तुकडे मिळून १३१६ बाइटांचे एक पॅकेट होते. ४ मेगाबिटच्या प्रवाहात अशी सेकंदाला सुमारे ३८० पॅकेटे निघतात आणि ती सारी गटाच्या पत्त्यावर जातात. ज्या संगणकाला चित्र हवे, तो ‘मला या गटात घ्या’ असा निरोप जाळ्याला देतो. सर्व संगणकांच्या तारा ज्या पेटीत एकत्र येतात, त्या पेटीला स्विच म्हणतात. स्विच हे निरोप लक्षात ठेवतो आणि मागणाऱ्यांच्याच तारेत प्रत सोडतो. सर्व्हरच्या तारेतून मात्र चाळीस प्रेक्षकांसाठीही ४ मेगाबिटच जातात!

यासाठी व्हीएलसी हा विनामूल्य कार्यक्रम पुरतो. त्याचा जन्मही अशाच गरजेतून झाला. पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी आपल्या आवारातील जाळ्यावर चित्रप्रवाह पाठविण्यासाठी १९९६ मध्ये हे काम हाती घेतले होते.

तीन सावधगिऱ्या

पहिली म्हणजे, निरोप लक्षात ठेवण्याची सोय नसलेला साधा स्विच प्रत्येक तारेत प्रत सोडतो, आणि ज्यांना चित्र नको त्यांच्याही तारा भरून जातात. दुसरी, वायफायवर ही रीत शक्यतो टाळावी. तेथे गटाची पॅकेटे मंद गतीने पाठविली जातात आणि ती पोचली की नाही याची पोच घेतली जात नाही. तिसरी, हरवलेले पॅकेट सामान्यतः पुन्हा पाठविले जात नाही. त्यामुळे पडद्यावर क्षणभर चौकोनी ठिगळे दिसतात.

मग साऱ्या जगासाठी का नाही?

शाळेचे जाळे एका मालकाचे असते. इंटरनेट हे हजारो संस्थांच्या जाळ्यांचे मिळून झालेले आहे. कोणत्या गटात कोण आहे याची नोंद वाटेवरच्या सर्व यंत्रांनी ठेवायची आणि या कामाचा खर्च आपसांत वाटून घ्यायचा, हे तेथे जमले नाही. म्हणून मोठ्या कंपन्या गावोगावी सर्व्हर ठेवतात आणि जवळच्या सर्व्हरवरून प्रत्येकाला वेगळी प्रत देतात. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी भारत-ऑस्ट्रेलिया विश्वचषकाचा अंतिम सामना हॉटस्टारवर एकाच वेळी ५ कोटी ९० लाख प्रेक्षकांपर्यंत पोचला, तो याच मार्गाने. मात्र त्यासाठी प्रचंड यंत्रसामग्री लागते. आपल्या शाळेला एक जुना संगणक आणि एक समंजस स्विच पुरे!

आता हे सोडवून पाहा. वर्गात दोन स्विच आहेत. पहिल्याला सर्व्हर आणि २५ संगणक, तर दुसऱ्याला १५ संगणक जोडले आहेत. दोन्ही स्विच एका तारेने जोडलेले आहेत. त्या तारेतून साध्या रीतीने किती मेगाबिट जातील, आणि मल्टिकास्टने किती?