उपसा-विहिरींतील भोंवरे व संगणकाचें गणित

नदीकांठीं सहकारी उपसा-सिंचन योजना उभारतांना पंप किती अश्वशक्तीचा घ्यावा याची चर्चा पुष्कळ होते. परंतु ज्या जॅकवेलमधून तो पाणी ओढणार, तिच्या आंतील रचनेकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. वास्तविक सदोष जॅकवेलमध्यें उत्तम पंपही निकामी ठरतो.

शोषनळीच्या तोंडाशीं पाणी सर्व बाजूंनीं सारखें व संथ आलें पाहिजे. नदीकडील नळ विहिरींत एका अंगास उघडत असेल, तर पाणी गरगर फिरूं लागतें. उन्हाळ्यांत पातळी उतरली, कीं त्याचा भोंवरा बनून वरची हवा थेट नळींत शिरते. मग पंप घरघरतो, कांपतो व पाणी कमी देतो. विजेचें बिल मात्र त्या मानानें उतरत नाहीं. पिकास पाण्याची सर्वांत अधिक निकड असते तेव्हांच हें घडतें.

यावर अमेरिकेंतील हायड्रॉलिक इन्स्टिट्यूटनें एक नियम घालून दिला आहे. नळीच्या रुंद तोंडाचा व्यास ०.५ मीटर व तेथील वेग सेकंदास १.५ मीटर असल्यास, म्हणजे सेकंदास सुमारें २९५ लिटर उपसा असल्यास, तोंडावर निदान १.२८ मीटर पाणी असावें. परंतु हा हिशेब पाणी सरळ येतें असें धरून केलेला आहे. वांकड्यातिकड्या विहिरींत तो पुरत नाहीं.

येथें संगणक उपयोगी पडतो. विहिरीचा आराखडा त्यांत घालून आंतील पाण्याचे लक्षावधि लहान भाग कल्पितात. प्रत्येक भागांत जितकें पाणी येतें तितकेंच बाहेर जातें, आणि दाब व घर्षण यांप्रमाणें त्याचा वेग बदलतो. या दोन तत्त्वांवरून सर्व भागांचें गणित संगणक सोडवितो. पाणी कोठें फिरतें व कोठें साचतें हें त्यावरून नकाशावर दिसतें. भिंत सरकवावी, मध्यें पडदी घालावी कीं नळीखालीं शंकु बसवावा, हें कांक्रीट ओतण्यापूर्वींच पडताळून पाहतां येतें.

तथापि या गणितासही मर्यादा आहे. हवा ओढणाऱ्या भोंवऱ्याचा गाभा बारीक असून तो क्षणोक्षणीं जागा बदलतो. सरासरी काढणाऱ्या नेहमींच्या गणितांत तो आहे त्याहून सौम्य दिसतो. म्हणून एका पंपाचा उपसा सेकंदास सुमारें २.५ घनमीटरहून किंवा सबंध केंद्राचा ६.३ घनमीटरहून अधिक असल्यास प्रत्यक्ष लहान प्रतिकृति करून पाहावी, असें वरील संस्थेचें मानक सांगतें. १९१६ सालीं स्थापन झालेल्या व आज खडकवासला येथें असलेल्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्थेंत अशा प्रतिकृतींची परीक्षा होते.

लहान संस्थांस एवढा खर्च झेपणार नाहीं. परंतु आराखड्यास मान्यता देण्यापूर्वीं सभासदांनीं अभियंत्यास दोन प्रश्न अवश्य विचारावे: वैशाखांत नळीच्या तोंडावर किती पाणी राहील, आणि विहिरींत पाणी कोणत्या बाजूनें शिरेल? विहीर आधींच बांधलेली असल्यास भोंवरा पडतो त्या जागीं लांकडी तराफा तरंगत बांधून ठेवावा. त्यानें हवेची वाट पुष्कळशी मोडते. कर्जाचे हप्ते वर्षानुवर्षें फेडावयाचे असतात. तेव्हां ही चौकशी पाया खणण्याआधींच झालेली बरी.