मुक्या सोबत्याची वाट

रायपूरच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे चढतो. अंगणातील कुत्र्याला अशा वेळी आपणहून सावलीत येता यावे, म्हणून मागील दारात लहानशी झडप बसविणे श्रेयस्कर. तिची वरची कड कुत्र्याच्या खांद्याहून दोन इंच उंच, खालची पोटाच्या पातळीखाली आणि रुंदी छातीहून दोन इंच अधिक असावी. पिल्लू असेल, तर पूर्ण वाढ ध्यानी घ्यावी. प्रारंभी झडप वर बांधून, पलीकडून खाऊ दाखवून त्याला बोलवावे.

मात्र आतून कडी हवीच. मण्यार रात्री हिंडते व जमिनीवर निजलेल्यांना दंश करते. सोबत्यासाठी ठेवलेली वाट तिलाही मोकळीच असते. म्हणून रात्री कुत्र्याला आत घ्यावे, कडी लावावी, मगच निजावे.