भोंगा गप्प झाला म्हणजे अलार्म दुरुस्त झाला असे नव्हे

पालघर : घर बंद, दारे-खिडक्या जागच्या जागी, चोराचा मागमूस नाही आणि तरीही मध्यरात्री भोंगा कोकलतो. दहा-पंधरा वर्षांपूर्वी बसविलेल्या बर्गलर अलार्मचा हा अनुभव अनेक घरांत येतो. दोन-तीनदा असे झाले की शेजारी 'लांडगा आला रे' म्हणून दुर्लक्ष करतात आणि घरमालक वैतागून यंत्रणाच बंद ठेवतो. दोष मात्र बहुधा यंत्रात नसतो. तो असतो सैल पडलेल्या एखाद्या तारेत.

पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यात तारा सैल पडण्यास हवामानाचा मोठा हातभार लागतो. चिंचणी, केळवे, सातपाटीकडून येणारी खारी हवा आणि चार महिन्यांचा दमट पावसाळा यांमुळे तांब्यावर हिरवट-काळा थर चढतो, स्क्रू गंजतात, चिकटपट्टीचा चिकटा सुटतो. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी गाडी विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत धावू लागली. त्या गाडीने रोज मुंबई गाठणाऱ्यांची घरे दिवसभर कुलूपबंद असतात, त्यामुळे बंद ठेवलेला अलार्म येथे परवडणारा नाही.

सैल तारेने भोंगा का वाजावा, हे समजले की निम्मी दुरुस्ती झालीच. दाराच्या चौकटीत काचेच्या बारीक नळीत दोन लोखंडी पात्या असतात आणि फळीवर लोहचुंबक. दार बंद असताना चुंबकाच्या ओढीने पात्या एकमेकींना टेकतात व मंडल पूर्ण होते. दार उघडले की मंडल तुटते आणि पॅनेल भोंगा वाजविते. तार निखळली तरी मंडल तुटतेच. दार उघडले की तार सुटली, हे पॅनेलला ओळखता येत नाही.

हा दोष नसून गुण आहे. अमेरिकेत ऑगस्टस पोप यांनी १८५३ मध्ये पेटंट घेतलेल्या विद्युत अलार्ममध्ये दार उघडल्यावर मंडल जोडले जाई. तेथे तार तुटली तर घंटा कायमची मुकी होई आणि कोणाला पत्ताही लागत नसे. आजही काही घरांत पलंगाजवळ बसविलेले धोक्याचे बटण याच उलट पद्धतीने चालते. त्याची तार सुटली तर ते ऐन वेळी दगा देते, म्हणून ते अधूनमधून दाबून पाहावे.

खरा धोका घाईच्या दुरुस्तीत आहे. कारागीर येतो, पॅनेलजवळ त्या दाराच्या दोन्ही तारा एकमेकींना पिळून टाकतो आणि भोंगा शांत होतो. घरमालक समाधानाने पैसे देतो. वास्तविक त्या क्षणापासून ते दार पॅनेलच्या लेखी कायम बंद असते, मग ते चोराने सताड उघडले तरी! काही यंत्रणांत मंडलाच्या टोकाला एक छोटा रोधक बसविलेला असतो, त्यामुळे अशी जोडणी पॅनेलला कळते. मात्र तो दाराजवळ न बसविता पॅनेलच्या पेटीतच बसविला असेल, तर त्याचा हा उपयोग उरत नाही.

दोष शोधण्यासाठी प्रथम घरगुती वीजपुरवठा तोडावा, मग बॅटरी सोडावी. काही भोंग्यांत स्वतंत्र बॅटरी असते आणि ते अशा वेळी उलट वाजू लागतात, तेव्हा शेजाऱ्यांना आधी कल्पना द्यावी. तारांचे छायाचित्र काढून संशयित दाराच्या दोन तारा पॅनेलमधून सोडवाव्यात आणि मल्टिमीटर ओहमवर ठेवून त्यांना लावावा. दार बंद असताना आकडा शून्याजवळ, किंवा रोधक असल्यास त्याच्या मूल्याइतका, स्थिर हवा. आता तार हळूच हलवीत जावे. जेथे आकडा उड्या मारतो तेथे दोष. बिजागरीजवळ, जेथे तार रोज वाकते, तेथे वरचे आवरण शाबूत असूनही आतले तांबे तुटलेले आढळते. तार हलवूनही आकडा स्थिर राहिला, तर चुंबक तपासावा. पावसात फुगलेल्या लाकडी दारामुळे तो पात्यांपासून दूर सरकतो.

काळवंडलेले टोक कापून टाकावे, ताजे तांबे उघडे करून स्क्रूखाली घट्ट आवळावे. स्क्रूखाली जाणाऱ्या टोकाला कथील लावू नये. दाबाखाली ते हळूहळू पसरते आणि जोड पुन्हा सैल होतो. तारेतल्या तारेत जोड द्यायचा असेल तर मात्र डाग देऊन वर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी. पॅनेलच्या ट्रान्सफॉर्मरकडील जोडण्या परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्याव्यात.

बॅटरीच्या टोप्याही याच वेळी पाहाव्यात. बारा व्होल्टची सीलबंद बॅटरी साधारण ३ ते ५ वर्षे टिकते. तिची टोपी सैल असेल तर वीज असेपर्यंत सारे ठीक दिसते आणि वीज जाताच यंत्रणा झोपते.

दुरुस्तीनंतर यंत्रणा चालू करून प्रत्येक दार, प्रत्येक खिडकी एकेक उघडून भोंगा वाजतो का ते कारागिरासमोरच पाहावे. त्यानंतर वीज बंद करून केवळ बॅटरीवर हीच फेरी पुन्हा करावी आणि मगच पैसे द्यावेत.