बाखच्या समग्र आवृत्तीत जपानी हात

योहान सेबास्टियन बाखच्या हयातीत त्याच्या फारच थोड्या रचना छापल्या गेल्या. बाकीचे संगीत हस्तलिखितांत राहिले. त्यातले काही त्याच्या हातचे, काही शिष्यांनी उतरवून घेतलेले, आणि बरेचसे वारसांकडून पांगलेले. त्याची समग्र आवृत्ती काढायची तर आधी प्रती शोधायच्या, ताडून पाहायच्या, पाठभेद नोंदवायचे. भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी केले, त्याच जातीचे हे काम.

दोन आवृत्त्या

पहिली आवृत्ती बाखच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनी, १८५० मध्ये लायप्झिगला सुरू झाली आणि शतक सरता सरता पुरी झाली. दुसरी, 'नॉये बाख-आउसगाबे', १९५४ ते २००७ चालली. शंभरावर खंडांचे हे काम फाळणी झालेल्या जर्मनीत ग्यॉटिंगेन आणि लायप्झिग अशा दोन्ही बाजूंनी झाले. स्वरलिपीच्या खंडासोबत चिकित्सेचा वेगळा ग्रंथ असतो. माझ्या मते खरा खजिना तोच, कारण संपादकाने कोणता स्वर का स्वीकारला, हे तिथे कळते.

कागद आणि अक्षर

ग्यॉटिंगेनला योशिताके कोबायाशी हे जपानी अभ्यासक काम करत. हस्तलिखिताचा कागद उजेडासमोर धरला की कारखान्याचा वॉटरमार्क दिसतो. ज्या तारेच्या साच्यामुळे तो उमटतो तो झिजतो, बदलला जातो. त्यामुळे तारीख नसलेले पानही तारीख माहीत असलेल्या पानाशेजारी ठेवून त्याचा काळ ठरवता येतो. विसो वाइस यांनी केलेल्या या वॉटरमार्कच्या सूचीत (१९८५) कोबायाशींचे सहकार्य होते. पुढे १९८९ मध्ये बाखचे हस्ताक्षर वर्षानुवर्षे कसे बदलत गेले, यावर त्यांचा स्वतंत्र खंड आला.

उतारवयातले बाखचे अक्षर जड, अडखळते आहे. त्याच पुराव्यावरून कोबायाशींनी दाखवले की त्याची शेवटची मोठी रचना 'आर्ट ऑफ फ्यूग' नसून 'बी मायनर मास' होती. लोकांच्या मनात घट्ट बसलेली समजूत अक्षराच्या वळणांनी हलवली, हे मला विलक्षण वाटते.

टोकियोत सापडलेली पाने

२००४ मध्ये जपाननेच एक हरवलेला दुवा जगापुढे आणला. पियानोवादक चिएको हारा या चेलोवादक गास्पार कासादो यांच्या पत्नी. २००१ मध्ये त्या वारल्या आणि त्यांच्या संग्रहातून बाखच्या २१६ क्रमांकाच्या कांताताची मूळ पाने मिळाली. अभ्यासकांना ती कित्येक दशके पाहायला मिळाली नव्हती. आता ती टोकियोच्या कुनिताची संगीत महाविद्यालयाकडे आहेत.

हे १७२८ सालच्या लग्नाचे गाणे आहे. वर लायप्झिगचा, वधू झिटाउची, म्हणून दोन्ही गावांच्या नद्या त्यात एकमेकींशी गातात. उरले आहेत ते सोप्रानो आणि आल्टो हे दोन आवाज. वाद्यांचा भाग गेला. दोन चाली बाखच्याच इतर कांतातांत असल्याने तेवढ्यांची साथ परत बसवता येते. उरलेल्या भागाला नवी साथ रचून मैफलीत जरूर गावे. समग्र आवृत्तीत मात्र ती जागा मोकळीच छापावी.