हापशीतला फ्लोराइड, फेसातला फ्लोरिन

मारेगाव, पांढरकवडा, झरी या पट्ट्यात फ्लोराइड हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. हापशीच्या पाण्याने तपकिरी पडलेले दात लोकांनी पाहिलेले असतात. हा फ्लोराइड खडकातून झिरपतो. भारतीय मानकात त्याची कमाल मर्यादा लिटरला 1.5 मिलिग्रॅम. फ्लोराइडमधल्याच फ्लोरिन या मूलद्रव्याला कार्बनच्या साखळीत गुंफून माणसाने ‘पीफास’ नावाची रसायनं घडवली. त्यांतल्या दोन कुप्रसिद्ध रसायनांसाठी अमेरिकेने 2024 मध्ये पिण्याच्या पाण्यात ठरवलेली मर्यादा आहे लिटरला 4 नॅनोग्रॅम. म्हणजे फ्लोराइडला जेवढी सूट, तिच्या पावणेचार लाखावा हिस्सा!

पेट्रोल पाण्यावर तरंगत जळत राहतं. म्हणून 1960च्या दशकात अमेरिकी नौदल आणि थ्रीएम कंपनीने पेट्रोलवर पातळ पापुद्रा धरणारा फेस तयार केला. त्यातल्या पीफास रेणूचं डोकं पाण्याच्या ओढीचं, शेपूट मात्र पाणी आणि तेल दोन्ही झिडकारणारं. आग विझते, फेस बसतो, रेणू कुजत नाही. शिवाय खऱ्या आगीपेक्षा सरावच जास्त होतात. स्वीडनमधल्या रोनेबीत हवाई तळावरचा असाच फेस मुरत मुरत नळयोजनेच्या विहिरींपर्यंत गेला. 2013 मध्ये ते उघडकीस आलं.

आखूड साखळीचे रेणू पाण्याबरोबर दूर निघून जातात. लांब साखळीचे गाळातल्या सेंद्रिय कणांना चिकटतात, आणि वरचं पाणी निवळलं तरी गाळ ते थोडे थोडे परत सोडत राहतो. गाळातल्या अळ्या मासा खातो, मासा आपण. डीडीटी चरबीत साठतं. हे रेणू प्रथिनांना धरून बसतात. त्यामुळे माशाच्या मांसापेक्षा रक्तात आणि यकृतात ते जास्त सापडतात. पाणी उकळूनही उपयोग नाही: वाफ जाते, ते मागे उरतात.

महाराष्ट्रात हा विषय कारखान्याच्या वाटेने आला. इटलीत त्रिस्सिनोच्या मितेनी कारखान्यामुळे सुमारे साडेतीन लाख लोकांच्या भागातलं पाणी पीफासने दूषित झालं. 2018 मध्ये त्याचं दिवाळं निघालं, जून 2025 मध्ये न्यायालयाने 11 जणांना दोषी ठरवलं. त्याची यंत्रं आता रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत आहेत. जवळच वाशिष्ठी नदी, पुढे दाभोळची खाडी आणि तिच्यावर पोट असलेले भोई. तिथे नमुने घेणाऱ्यांना विनंती: बाटलीभर पाण्यावर भागवू नका. तळाचा गाळ काढा, आणि माशाचं यकृतही प्रयोगशाळेत पाठवा.