गवती चहा : उपयोग आणि मर्यादा

आपल्या बडोद्यातील मराठी घरांत ज्यास गवती चहा म्हणतात, त्यालाच शेजारचे गुजराती बांधव ‘लीली चा’ म्हणतात. भाजीबाजारात फुदिन्याच्या जुडीशेजारीच त्याची जुडी मिळते. नावात चहा असला तरी ही वनस्पती गवताच्या कुळातील आहे. हल्ली दुकानांत मिळणारा ‘ग्रीन टी’ही निराळा, ती चहाच्याच झाडाची पाने होत.

गवती चहाच्या पातीत सिट्रल नावाचे सुगंधी द्रव्य असते. लिंबाच्या सालीतही ते असल्यामुळे दोहोंचा वास मिळताजुळता येतो. हे द्रव्य वाफेबरोबर उडून जाते. म्हणून उकळताना भांड्यावर झाकण ठेवावे. दोन कप पाण्यास चार-पाच पाती पुरतात. त्या धुऊन, गाठ मारून टाकाव्या, म्हणजे काढण्यास सोपे जाते. सोबत आले व तुळशीची पाने ठेचून घालावी. गूळ आवडीप्रमाणे घालावा. मधुमेही मंडळींनी तो वर्ज्य करावा.

यात चहाची पूड न घातल्यास कॅफीन नसते. सायंकाळच्या चहाने ज्या वडीलधाऱ्यांची झोप उडते, त्यांना हा म्हणूनच मानवतो. सर्दीत ऊन काढ्याने घसा शेकतो, नाक मोकळे वाटते आणि पोटात पाणी जाते. हा लाभ लहान नाही.

मात्र आराम पडणे वेगळे आणि रोग बरा होणे वेगळे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले होते. असे पाणी साचले की डास वाढतात व तापाची भीती उत्पन्न होते. डेंग्यू किंवा मलेरिया आहे की नाही, हे रक्त तपासूनच कळते. काढ्यावर विसंबून दिवस घालवू नयेत. डेंग्यूत तर ताप उतरतो तेव्हाच पुष्कळदा धोक्याचा काळ सुरू होतो. पोटात तीव्र दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त येणे, यांपैकी काही दिसताच रोग्यास इस्पितळात न्यावे. गरोदर भगिनींनीही हा काढा डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.

गवती चहाचा ठोंब कुंडीतही वाढतो. त्यास ऊन हवे. पाती वरून कापल्या की पुन्हा फुटतात. ठोंब दाट झाला म्हणजे मुळांसकट वेगळा करून शेजाऱ्यांस द्यावा. देताना वरील सावधगिरीचे दोन शब्दही अवश्य सांगावेत, एवढीच या महोत्सवप्रसंगी आमची सर्व सभासदांस विनंती आहे.