सह्याद्रीची दोन तोंडं

तापीच्या दक्षिणेपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे 1600 किलोमीटर पसरलेला पश्चिम घाट आपल्याकडे सह्याद्री. अरबी समुद्रावरून येणारे ढग या भिंतीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि कोकणाच्या बाजूला रिते होतात. महाबळेश्वरात वर्षाला 5000 मिलिमीटरहून अधिक पाऊस. पूर्वेला उतरून फलटण-माणला गेलात की जेमतेम 500. तरी माणदेशापलीकडच्या शेतीलाही पाणी सह्याद्रीचंच, कारण कृष्णा, गोदावरी, भीमा इथेच उगम पावून पूर्वेला वाहतात.

खरी गंमत मात्र सड्यांवर, म्हणजे माथ्यावरच्या खडकाळ पठारांवर. कास पठाराच्या जांभ्या खडकावर माती अगदी पातळ, तीही निकस. तिथली सीतेची आसवं ही निळी-जांभळी फुलं नाजूक दिसतात, पण झाड मांसाहारी! मातीत न मिळणारं नत्र ते पाण्यातले सूक्ष्म जीव इवल्या पिशव्यांत पकडून मिळवतं. असला सडा ‘पडीक जमीन’ म्हणून नोंदवणं हे शुद्ध अज्ञान.

युनेस्कोने 2012 मध्ये घाटातली 39 स्थळं जागतिक वारसा ठरवली; कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही त्यातली महाराष्ट्राची. कासला जाल तेव्हा पायवाट सोडू नका, फुलं पायाखाली येतात.